‘मुका मार’ : शिरोघात, भाषा आणि खेळाडूची कारकीर्द

१

शरीरास होणाऱ्या इजांचे मराठी भाषेने केलेले वर्गीकरण पाहण्यासारखे आहे. कातडी फुटून रक्त आले म्हणजे ती जखम. हाड भंगले म्हणजे तो अस्थिभंग, साध्या बोलीत ‘हाड मोडले’. आणि बाहेर काहीच न दिसता आतल्या आत लागले म्हणजे तो ‘मुका मार’. या शेवटच्या शब्दसंहतीतील विशेषण अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुका म्हणजे ज्यास बोलता येत नाही तो. रक्त बोलते, मोडलेले हाड बोलते. मुका मार मात्र स्वतःविषयी काहीच सांगत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास तरी बोलावे लागते.

प्रस्तुत लेखात डोक्यास बसणाऱ्या मुक्या माराचा, म्हणजे ज्यास वृत्तपत्रीय मराठीत आता सर्रास ‘कन्कशन’ म्हटले जाते त्या आघाताचा, खेळाडूंच्या कारकिर्दीच्या संदर्भात विचार करावयाचा आहे. विषय वैद्यकशास्त्राचा असता भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या आघाताचा इतिहास बव्हंशी शब्दांचा इतिहास आहे. आघात झाला की नाही, हे येथे डोळ्यांस दिसत नाही. ते खेळाडू काय सांगतो, संघनायक त्यास काय नाव देतो आणि नियमपुस्तकात कोणता शब्द आहे यांवर ठरत आले. ज्या काळी त्याला शब्दच नव्हता, त्या काळी खेळाडू पुन्हा मैदानात उतरला. शब्द मिळाल्यावरच त्यास थांबविता आले.

२

आघाताचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मेंदू कवटीस घट्ट चिकटलेला नसून द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले, झटक्याने फिरले किंवा त्यावर जोराचा तडाखा बसला, तर कवटी शाबूत राहूनही आतला मेंदू हेलकावतो आणि त्यातील सूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात. पेशींचे रासायनिक संतुलन बिघडते आणि ते पूर्ववत् होण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. नेहमीच्या क्ष-किरण किंवा तत्सम चित्रणात बहुधा काही दिसत नाही. लक्षणे म्हणाल तर डोके दुखणे, मळमळणे, तोल जाणे, प्रकाश न सोसणे, अलीकडचे न आठवणे ही होत. ती कधी तत्काळ दिसतात, तर कधी काही तासांनी. बेशुद्ध पडणे हे या आघाताचे आवश्यक लक्षण नव्हे. किंबहुना पुष्कळ प्रसंगी शुद्ध हरपतच नाही. पहिला आघात भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर धोका अनेक पटींनी वाढतो.

येथेच मूळ अडचण उद्भवते. गुडघा दुखावलेला खेळाडू आपल्या गुडघ्याचे मूल्यमापन मेंदूने करतो. मेंदू दुखावलेल्या खेळाडूस मात्र मेंदूचे मूल्यमापन त्याच दुखावलेल्या मेंदूने करावे लागते. ‘बरा आहेस का?’ या प्रश्नास ‘बरा आहे’ हे जे उत्तर तो देतो, ते खोटे नसते. पण प्रमाण म्हणून त्यास काडीचेही मूल्य नसते.

मराठी बोलीत या अवस्थेचे शब्द थोडे नाहीत. घेरी, भोवळ, झीट, चक्कर, गुंगी. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ हा वाक्प्रचार तर बहुधा विनोदानेच वापरला जातो. यांतील प्रत्येक शब्द क्षणिक अवस्थेचा वाचक आहे. घेरी येते आणि जाते. झीट येते आणि माणूस उठून बसतो. काही दिवस टिकणाऱ्या व विश्रांतीची अपेक्षा करणाऱ्या इजेचा बोध त्यांतून होत नाही. दुसरीकडे ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा प्रयोग थेट वेडाकडे बोट दाखवितो, आणि म्हणून घरची माणसे तो शब्द तोंडाबाहेर काढावयास कचरतात. एका बाजूस हसण्यावारी नेण्याजोगे शब्द आणि दुसऱ्या बाजूस लाजेचा शब्द. मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. या मधल्या जागेतच खेळाडूंची कारकीर्द बिघडते.

३

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील क्रीडांगणांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी वसलेले घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. या तालुक्यात आणि शेजारच्या जुन्नर व खेड तालुक्यांत चैत्र-वैशाखात ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात आणि जत्रेबरोबर बैलगाडा शर्यत व कुस्तीचा आखाडा हे ओघाने येतात. या भागात शर्यतीच्या चढत्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात, एकेका गाड्याच्या धावेस ‘बारी’ म्हणतात, आणि गाड्यापुढे घोडी घेऊन स्वार दौडत असतो. पाठीमागून बैल भरधाव येत असता घोडीवरून पडणाऱ्याच्या डोक्यास काय होऊ शकते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली; डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांस सशर्त अनुमती दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या सर्व वर्षांतील वाद मुख्यतः बैलांच्या वेदनेविषयी होता आणि तो व्हावयासच हवा होता. मराठीत जनावरास ‘मुके जनावर’ म्हणतात. त्याच्या वतीने बोलणारे न्यायालयात उभे राहिले, हे समाजाच्या संवेदनशीलतेचे लक्षण होय. ‘मुके जनावर’ आणि ‘मुका मार’ यांतील विशेषण एकच आहे. परंतु दुसऱ्या मुक्याच्या वतीने बोलणारा कोणी उभा राहिला नाही.

कुस्तीत परंपरेने काही काळजी घेतलेली दिसते. आखाड्याची माती खणून, चाळून भुसभुशीत ठेवणे ही केवळ रीत नव्हे. मान आणि डोके यांचे ते संरक्षणच आहे. कबड्डीचे मैदान मात्र कठीण. चढाई करणाऱ्याचे डोके पकडीच्या झटापटीत कोणाच्या गुडघ्यावर वा जमिनीवर आपटणे नवलाचे नाही. त्या खेळाची परिभाषाही बोलकी आहे: बाद झालेला गडी ‘मरतो’ आणि प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की ‘जिवंत’ होऊन पुन्हा आत येतो. परिभाषेतील हे मरण-जगणे निरुपद्रवी आहे. पण खरोखर डोक्यास मार लागलेला गडीही त्याच सहजतेने पुन्हा आत येतो, ही गोष्ट तशी नाही.

४

ज्या खेळात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि कटू वाद झाला तो अमेरिकन फुटबॉल होय. त्यातील ‘क्वार्टरबॅक’ हा खेळाडू आक्रमक फळीच्या मागे उभा राहून चेंडू घेतो आणि तो कोणाकडे फेकावयाचा याचा निर्णय दोनचार सेकंदांत करतो. त्या क्षणी त्याची नजर दूरच्या सहकाऱ्यावर असल्यामुळे अंगावर धावून येणारा प्रतिपक्षी त्यास पुष्कळदा दिसतच नाही. संघाचा मेंदू म्हणावा असा हा खेळाडू, आणि आघात त्याच्याच मेंदूवर.

या विषयाचे वैद्यकीय वाङ्मय मुष्टियुद्धापासून सुरू होते. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी वैद्याने वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंद बुद्धीचे वर्णन प्रसिद्ध केले. मुष्टियुद्धाच्या वर्तुळात अशा माणसास ‘ठोशांनी झिंगलेला’ अशा अर्थाचा शब्द आधीपासून रूढ होता. मार्टलँडने तो आपल्या निबंधाच्या शीर्षकात घेतला. लोकांचा शब्द शास्त्रात आल्याबरोबर रोग दिसू लागला. फुटबॉलमध्ये मात्र लोकांचा शब्द वेगळा होता. तेथे डोक्यास तडाखा बसला की ‘घंटा वाजली’ असे म्हणत. घंटा वाजते आणि थांबते; आपल्या घेरी-झीटेप्रमाणेच हाही क्षणिकतेचा शब्द.

या शब्दाची किंमत कारकिर्दींनी मोजली. डॅलस संघाचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन यास जानेवारी १९९४ मध्ये एका निर्णायक सामन्यात असा आघात झाला की त्या सामन्याची आठवणच त्यास राहिली नाही. तरी एका आठवड्याने तो अंतिम सामन्यात उतरला आणि त्याचा संघ विजयी झाला. डिसेंबर २००० मध्ये झालेला आघात त्याच्या नोंदलेल्या आघातांपैकी दहावा होता. २००१ साली, चौतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीव्ह यंगची कारकीर्दही सप्टेंबर १९९९ मधील अशाच एका तडाख्यानंतर थांबली. ओकलंडचा केन स्टेब्लर २०१५ साली वारला. त्याच्या मेंदूच्या परीक्षणात वारंवार आघातांनी होणारा चिवट ऱ्हास आढळल्याचे २०१६ साली जाहीर झाले. या ऱ्हासाचे निश्चित निदान मरणोत्तरच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तेथील व्यावसायिक संघटनेने १९९४ साली या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचा पहिला अध्यक्ष मज्जारोगांचा नव्हे, तर संधिविकारांचा तज्ज्ञ होता, आणि समितीच्या निबंधांचा सूर चिंतेचे कारण नसल्याचा होता. २००२ साली वारलेला माइक वेब्स्टर हा खेळाडू क्वार्टरबॅक नव्हता. त्याच्या मेंदूचे परीक्षण बेनेट ओमालू या मूळ नायजेरियाच्या विकृतिशास्त्रज्ञाने करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा समितीच्या सदस्यांनी तो निबंध मागे घेण्याची मागणी केली. संघटनेच्या प्रवक्त्याने दीर्घकालीन परिणामांची शक्यता मान्य केली ती २००९ साली. माजी खेळाडूंच्या दाव्यांत २०१३ साली सुमारे ७६.५ कोटी डॉलरांची तडजोड ठरली आणि पुढील वर्षी तिची वरची मर्यादाही काढण्यात आली.

तरीही शब्दांचा खेळ संपला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवैलोआ डोके आपटल्यावर उठला आणि सर्वांसमक्ष लडखडला. ते लडखडणे पाठीच्या दुखण्यामुळे होते असे ठरले आणि तो त्याच सामन्यात परतला. चार दिवसांनी दुसऱ्या सामन्यात तो पुन्हा पडला, या वेळी त्यास मैदानातून उचलून न्यावे लागले. पुढच्याच महिन्यात नियम बदलला: लडखडण्याचे कारण काहीही सांगितले जावो, असा तोल गेलेल्या खेळाडूस त्या दिवशी परतता येणार नाही. म्हणजे लक्षण सर्वांना दिसत होते. त्यास दिलेले नाव चुकीचे होते. नियमाने नाव देण्याची सवलतच काढून घेतली.

५

आपल्याकडील क्रिकेटचा इतिहास या दृष्टीने वाचला असता दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे दिसतात.

पहिला मार्च १९६२ मधील. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार नरी कंत्राटदार यांच्या डोक्यावर ब्रिजटाउन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटी भंगली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरल होते आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर हेही होते. पुढे वेल्लोर येथे त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसविण्यात आली. ती तब्बल साठ वर्षांनी, २०२२ साली काढली गेली. कंत्राटदार पुढे प्रथमश्रेणी क्रिकेट खेळले, पण ३१ कसोटी सामन्यांनंतर बत्तिसावा त्यांच्या वाट्यास आला नाही. त्या वेळी ते अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

दुसरा प्रसंग जानेवारी १९८१ मधील. सिडनीच्या कसोटीत मुंबईचे संदीप पाटील हेल्मेटाविना खेळत होते. ६५ धावांवर असता लेन पॅस्कोचा उसळता चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या वर बसला आणि ते कोसळले. धावफलकावर ‘जखमी होऊन निवृत्त’ अशी नोंद झाली. सामना तिसऱ्याच दिवशी संपला. परंतु त्याआधी, म्हणजे आघातानंतर दोनच दिवसांत, पाटील दुसऱ्या डावात पुन्हा फलंदाजीस उतरले होते. तीन आठवड्यांनी ॲडलेड येथे, या वेळी हेल्मेट घालून, त्यांनी १७४ धावा केल्या. मराठी रसिकांच्या स्मरणात राहिली ती हीच खेळी, आणि तिचे तेज निर्विवाद आहे.

या दोन प्रसंगांतील भेद आघाताच्या तीव्रतेचा आहेच. पण इतिहासकाराच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. कंत्राटदारांचा आघात बोलका होता. कवटी भंगलेल्या माणसास ‘खेळतोस का?’ असे कोणी विचारले नाही. निर्णय वैद्यांच्या हाती आपोआप गेला. पाटलांचा आघात मुका होता, आणि त्या काळच्या प्रथेत अशा वेळी थांबावयाचे की खेळावयाचे हे खेळाडूचे धैर्य आणि संघाची निकड यांवरच ठरत असे. ॲडलेडची खेळी यशस्वी झाली म्हणून सिडनीचा दुसरा डाव निर्धोक होता असे अनुमान निघत नाही. तथापि आपण धैर्यकथा सांगताना नेमके हेच अनुमान काढीत आलो. ‘पडला तरी उठला’ हे वाक्य मराठी क्रीडालेखनात स्तुतिवाक्य आहे. इतर इजांच्या बाबतीत ते योग्यही असेल. मुक्या माराच्या बाबतीत मात्र त्या स्तुतीचा अर्थ, इजा ओळखली गेली नाही, एवढाच होऊ शकतो.

हेल्मेटाविषयीही येथे सांगितले पाहिजे. कसोटी सामन्यात पूर्ण हेल्मेट प्रथम घातले ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपने, मार्च १९७८ मध्ये, आणि तेही ब्रिजटाउन येथेच. सुनील गावसकरांनी तसे हेल्मेट कधीच घातले नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी टोपीखाली केवळ एक कवच वापरले. हेल्मेट सार्वत्रिक झाल्यावर कवटी फुटण्याचा धोका पुष्कळच घटला. परंतु आत हेलकावणाऱ्या मेंदूस ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. म्हणजे हेल्मेटाने बोलका मार कमी केला आणि मुका मार बव्हंशी तसाच ठेवला. चेंडू हेल्मेटावर लागला, फलंदाजाने मान हलवून पुन्हा पवित्रा घेतला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, असे दृश्य पुढील चाळीस वर्षे दिसत राहिले.

६

ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नियमांत कन्कशनसाठी बदली खेळाडूची तरतूद झाली. त्यापूर्वी बदली खेळाडूस केवळ क्षेत्ररक्षण करता येत असे. म्हणून जायबंदी फलंदाजास बसविणे म्हणजे संघाने एक खेळाडू गमावणे होते. त्याच महिन्यात लॉर्ड्स येथे स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. स्मिथ चेंडू लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीस आला होता. लक्षणे दुसऱ्या दिवशी स्पष्ट झाली. मुका मार उशिरा बोलतो, याचे हे उदाहरण होय.

या नियमाचा एक गाजलेला प्रसंग पुणे जिल्ह्यातच, घोडेगावपासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या गहुंजे येथील मैदानावर घडला. ३१ जानेवारी २०२५ रोजी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मुंबईचा शिवम दुबे ५३ धावांवर बाद झाला. अखेरच्या षटकात त्याच्या हेल्मेटावर चेंडू लागला होता. त्याच्या जागी हर्षित राणा आला, त्याने ३ बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला. बदली खेळाडू ‘समगुणी’ असावा असे नियम सांगतो. फलंदाजी हे ज्याचे मुख्य अंग त्या अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज समगुणी कसा, यावर मोठा वाद झाला. इंग्लंडच्या कर्णधाराचा आक्षेप समजण्यासारखा होता. पण त्या वादाचा कल पाहण्याजोगा आहे. चर्चा ‘समगुणी’ या शब्दाची झाली. ज्याच्या डोक्यास मार लागला त्याच्या प्रकृतीविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. तथापि एक गोष्ट त्या वादातही गृहीत धरली गेली, आणि ती लहान नव्हे: मार लागलेल्याने खेळत राहावे असे कोणीही म्हटले नाही. १९८१ आणि २०२५ यांमधील अंतर ते हेच.

एकाच आघाताची गोष्ट येथे संपते. वारंवार होणाऱ्या आघातांची संपत नाही. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथे भारताविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. पाटील कोसळले त्याच मैदानावर, बरोबर चाळीस वर्षांनी. पहिल्या डावात त्याने ६२ धावा केल्या. शाळकरी वयापासून त्याच्या डोक्यास लागलेल्या आघातांची संख्या डझनाच्या वर गेली होती. तो पहिला कसोटी सामना अखेरचाच ठरला. २०२४ साली पुन्हा चेंडू लागल्यावर वैद्यकीय मंडळाने त्यास थांबण्याची शिफारस केली आणि एप्रिल २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळातून निवृत्ती जाहीर केली. ही कारकीर्द दुःखद रीतीने आटोपली, यात संशय नाही. परंतु एकमन किंवा स्टेब्लर यांच्या पिढीशी तुलना करता येथे निराळे घडले: प्रत्येक आघात नोंदला गेला होता, म्हणूनच त्यांची बेरीज करता आली. जे नोंदले जात नाही त्याची बेरीज होत नाही, आणि बेरीज झाल्यावाचून ‘आता पुरे’ हे शब्द उच्चारण्यास कोणास आधार सापडत नाही.

७

या विवेचनाचा निष्कर्ष असा. शिरोघाताच्या इतिहासात निर्णायक गोष्टी तीन: आघातास क्षणिकता न सुचविणारे नाव मिळणे, त्याची नोंद होणे, आणि पुन्हा खेळण्याचा निर्णय जखमी खेळाडूकडून काढून दुसऱ्या कोणाकडे सोपविणे. यांतील तिसरी सर्वांत अवघड, कारण ती धैर्याच्या आपल्या कल्पनेस छेद देते. पण पहिल्या दोन झाल्याशिवाय तिसरी होत नाही.

मोठ्या मैदानांवर वैद्य, चित्रफिती आणि नियमपुस्तक आहे. तालुक्याच्या कबड्डी सामन्यात किंवा जत्रेच्या घाटावर यांतले बहुधा काहीच नसते. पण वरील तीन गोष्टींस यंत्रसामग्री लागतेच असे नाही. डोक्यास मार लागून ज्यास घेरी आली, तोल गेला किंवा काही आठवेनासे झाले, त्याने त्या दिवशी पुन्हा उतरावयाचे नाही आणि वैद्यास दाखविल्यावाचून पुढेही नाही, हा नियम घोडेगावच्या मैदानावरही पाळता येईल. सामन्याच्या कागदावर गुणांच्या शेजारी एक ओळ त्यासाठी राखता येईल. आणि तो निर्णय पंचाने किंवा शिक्षकाने द्यावा. मुलास विचारू नये.

नव्या शब्दाची जुळणी करण्याची गरज आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ‘कन्कशन’ हा शब्द वृत्तपत्रांतून आलाच आहे आणि तो राहील. परंतु आपल्या भाषेत जो शब्द पिढ्यान्पिढ्या आहे, त्यात या इजेचे मर्म अधिक नेमके सांगितलेले आहे. हा मार मुका आहे. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचे दायित्व शेजारी उभ्या असलेल्यावर येते.